पुष्टकाळ व कृशकाळ (दुग्धव्यवसाय)

दुग्धोत्पादनाच्या वार्षिक चढउतारातील विपुलतेच्या व टंचाईच्या हंगामांस अनुक्रमे लावल्या जाणाऱ्या संज्ञा. भारतात हा चढउतार प्राधान्याने म्हशीच्या ऋतुबद्ध प्रजननातून उद्भवतो. उन्हाळ्याच्या तापाने मंदावलेला माज पावसाळ्यानंतर पुन्हा प्रकट होत असल्यामुळे, आणि गर्भकाळ सुमारे 310 दिवसांचा असल्यामुळे, बहुसंख्य म्हशी पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून हिवाळ्यापर्यंत व्यातात. त्याच सुमारास हिरवी वैरणही मुबलक असते. उन्हाळ्यात पुष्कळ जनावरे भाकड असतात, आणि शहरांची मागणी मात्र तेव्हाही कमी होत नाही.

दूध नाशवंत असल्याने उत्पादकास ते भाव चढेपर्यंत राखून ठेवता येत नाही, म्हणून पुष्टकाळातील मंदीची सारी तोशीस त्याच्यावरच पडते. मुंबईच्या तबेल्यांत तर भाकड म्हैस पोसण्याचा खर्च परवडत नाही म्हणून आटलेले उत्तम जनावर खाटिकखान्यास विकण्याची रीत पडली होती. देशाच्या पशुधनाचा असा अपव्यय क्वचितच कोठे झाला असेल. 1949 मध्ये वसलेल्या आरे वसाहतीने तबेले शहराबाहेर नेले, परंतु मूळ हिशेब बदलला नाही.

तो बदलण्याचा खरा यत्न खेडा जिल्ह्यात झाला. 1946 साली आणंद येथे स्थापन झालेल्या सहकारी संघाचे हिवाळ्यातील सगळे दूध मुंबई सरकारची दूधयोजना घेईना, तेव्हा उरलेल्या दुधाची भुकटी करण्याची तजवीज झाली. आणि म्हशीच्या दुधाची भुकटी होणे नाही, असे परदेशी तज्ज्ञ सांगत असता संघाचे दुग्धतंत्रज्ञ ह. मे. दलाया यांनी ती करून दाखविली. 1955 मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते तेथील कारखान्याचे उद्घाटन झाले. सुमारे 11 लिटर साय काढलेल्या दुधातून 1 किलो भुकटी निघते व ती कृशकाळात पुन्हा दूधरूपाने विकता येते. 1970 पासूनच्या दूध महापूर योजनेने हीच पद्धती देशव्यापी केली.

तथापि यंत्राने ऋतू नाहीसा होत नाही. त्याचा भार कोणी वाहावयाचा, एवढेच कारखान्याच्या मालकीवरून ठरते. कारखाना उत्पादकांचा असेल, तर उन्हाळ्यातील नफा हिवाळ्यातील दरास आधार देतो. तो खाजगी व्यापाऱ्याचा असेल, तर पुष्टकाळातील खरेदीदर भुकटीच्या जागतिक भावाशी बांधला जातो, आणि ज्या बाजाराचे नावही शेतकऱ्याने ऐकलेले नसते, तेथील मंदी त्याच्या दावणीपर्यंत पोहोचते. 2018 च्या जुलैत महाराष्ट्रात दूधपुरवठा रोखणारे जे आंदोलन झाले, त्यामागे भुकटीचे साठे तुंबल्याने कोसळलेले खरेदीदर हेच प्रमुख कारण होते.