आयआयटी मुंबई : माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांचे गणित

पवई येथील आयआयटी मुंबईची स्थापना १९५८मध्ये झाली. युनेस्कोमार्फत आलेली सोव्हिएत मदत आणि केंद्र सरकारचे अनुदान यांवर संस्था उभी राहिली. त्यामुळे माजी विद्यार्थ्यांपुढे झोळी पसरण्याची वेळ तिच्यावर दीर्घकाळ आली नाही. नव्वदच्या दशकात, अमेरिकेत स्थिरावलेल्या पिढीच्या हाती पैसा आल्यावर हे चित्र पालटले. १९९६मध्ये तेथे ‘आयआयटी बॉम्बे हेरिटेज फाउंडेशन’ ही धर्मादाय संस्था स्थापन झाली. तिच्यामार्फत दिलेल्या देणगीवर अमेरिकेतील दात्यास करसवलत मिळू शकते. मातृसंस्थेविषयीच्या प्रेमाला करसवलतीची जोड मिळाली, तर कोणास नको असते?

कँवल रेखी यांच्या देणगीतून माहिती तंत्रज्ञानाचे स्वतंत्र स्कूल उभे राहिले. पुढे ते संगणक विभागात विलीन झाले. व्यवस्थापनाच्या स्कूलला शैलेश मेहता यांचे नाव देण्यात आले. १९७३मध्ये प्रवेश घेतलेल्या नंदन नीलेकणी यांनी पन्नास वर्षांनी, २०२३मध्ये, ३१५ कोटी रुपये जाहीर केले. आधीचे ८५ कोटी धरून त्यांची देणगी ४०० कोटींवर गेली.

या व्यवस्थेचा कणा मात्र ‘बॅच’ हाच आहे. पदवीच्या रौप्य वा सुवर्णमहोत्सवी वर्षी वर्गमित्र एकत्र येतात आणि निधी उभारतात. कार्यालयाच्या पत्राकडे दुर्लक्ष करता येते; वसतिगृहात शेजारच्या खोलीत राहिलेल्या मित्राला नाही म्हणणे जड जाते. १९९८च्या बॅचने २०२३मध्ये ५७ कोटी रुपये जाहीर केले. त्यापूर्वीचा उच्चांक १९७१च्या बॅचचा, ४१ कोटींचा होता.

अडचण आहे ती पैशाला लागलेल्या अटींची. दात्याला प्रयोगशाळा किंवा अध्यासन हवे असते. अध्यासनात मुद्दल गुंतवून ठेवतात आणि त्याच्या उत्पन्नातून प्राध्यापकाला साहाय्य होते. जुन्या जलवाहिन्या बदलण्यासाठी नाव कोरलेली देणगी क्वचितच येते. दुसरीकडे, २०१६मध्ये मंजूर झालेल्या ‘हेफा’ योजनेने बांधकामासाठी अनुदानाऐवजी कर्जाचा मार्ग आणला. त्यात जुन्या आयआयटींनी मुद्दल स्वतःच्या उत्पन्नातून फेडणे अपेक्षित आहे. त्यामुळे माजी विद्यार्थ्यांचा निधी पूर्वीसारखा केवळ शोभेचा राहिलेला नाही.

पुण्याचे सीओईपी (१८५४) आणि माटुंग्याचे व्हीजेटीआय (१८८७) वयाने आयआयटीहून कितीतरी थोर. त्यांच्याही माजी विद्यार्थी संघटना आहेत. जिल्ह्याच्या गावातील महाविद्यालयात मात्र जुन्या तुकड्यांचे पत्ते जमवण्यापासूनच सुरुवात करावी लागते.