मोडींतून घडलेली मोटार

यंत्र मोडलें म्हणजे त्याची किंमत संपली, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु मोडलेल्या यंत्राचे सगळेच भाग एकदम निकामी होत नाहींत. एंजिन थकलें तरी आंस सरळ असतो; टप फाटला तरी चाकें शाबूत राहतात. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया संस्थानांतील कांहीं तरुणांनीं १९२० नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत एवढ्याशा गोष्टीवर एक विद्याच उभारली. मोडीच्या वखारींतून जुन्या मोटारींचे अवशेष आणावयाचे, चार गाड्यांचे भाग एकीला जोडावयाचे, आणि कारखान्यांतून निघालेल्या कोऱ्या गाडीलाहि मागें टाकील अशी मोटार घरच्या परसांत उभी करावयाची, अशी ही विद्या. तिच्या फळाला पुढें ‘हॉट रॉड’ हें नांव पडलें.

या विद्येचा पाया हेन्री फोर्डनें नकळत घातला. १९०८ मध्यें त्याची ‘टी’ जातीची मोटार बाजारांत आली, आणि १९२७ च्या मे महिन्यापर्यंत अशा दीड कोटि गाड्या तयार झाल्या. आरंभीं ८५० डॉलरांना विकली जाणारी ही मोटार १९२५ मध्यें २६० डॉलरांपर्यंत उतरली. ही स्वस्ताई साधली ती भागांच्या एकसारखेपणामुळें. एका गाडीचा आंस दुसरीला आणि दुसरीचें चाक तिसरीला, कानशीचा एकहि हात न फिरवितां, बसावें अशा बेतानें प्रत्येक भाग घडविला जाई. फोर्डला त्यांतून घाऊक पैदास साधावयाची होती. लॉस एंजेलिसच्या पोरांनीं त्याचा निराळाच अर्थ लावला. वखारींत गंजत पडलेली एक फोर्ड त्यांच्या दृष्टीनें लाखों गाड्यांना चालेल असें सुट्या भागांचें कोठार होतें.

‘टी’चें एंजिन मूळचें वीस अश्वशक्तीचें, ताशीं चाळीस-पंचेचाळीस मैलांपुढें तें सहसा जात नसे. त्याला जोर आणणारीं सिलिंडर-हेड त्या काळीं विकत मिळत. गंमत अशी, कीं त्यांतील नामांकित ‘फ्राँटेनॅक’ हेड शेव्हरोले बंधूंनीं काढलेलें होतें. म्हणजे ज्याचें नांव फोर्डच्या प्रतिस्पर्ध्याच्या गाड्यांवर झळकत होतें, तो लुई शेव्हरोले स्वतः फोर्डच्या गाड्या पळविण्याचें साहित्य विकीत होता! पण विकतचें साहित्य ज्यांच्या खिशाला परवडत नसे, ते जुन्याच हेडचा तळ यंत्रावर तासून घेत. तळ तासला कीं सिलिंडरवरची पोकळी लहान होते, हवा व पेट्रोल यांचें मिश्रण अधिक दाबलें जातें आणि स्फोटाचा जोर वाढतो.

पुढें १९३२ मध्यें फोर्डनें आठ सिलिंडरांचें ‘व्ही’ आकाराचें एंजिन एकसंध ओतून काढलें. तें २२१ घनइंचांचें व ६५ अश्वशक्तीचें होतें. आठ सिलिंडरांची गाडी तोंवर श्रीमंतांची मानली जाई. ही ४६० डॉलरांपासून मिळूं लागली. कांहीं वर्षांतच अपघातांत चुरडलेल्या अशा गाड्या वखारींत येऊन पडूं लागल्या, आणि त्यांच्या पोटांत धडधाकट एंजिनें होतीं.

आतां अशी गाडी घडे कशी तें पाहावें. प्रथम ‘टी’ किंवा तिच्यामागून आलेल्या ‘ए’ जातीच्या उघड्या, दोन बैठकींच्या गाडीचा सांगाडा मिळवावयाचा. मडगार्ड, पायठणें, बंपर, समोरची कांच, टप, जें जें धांवण्याच्या कामीं येत नाहीं तें तें उतरवून ठेवावयाचें. ओझें घटलें कीं त्याच एंजिनावर गाडी चपळ होते, आणि या सुधारणेला एक छदामहि पडत नसे. मग तळच्या चौकटीचा विचार. ‘टी’ची चौकट हलकी, आठ सिलिंडरांच्या जोरानें पिळवटून जाणारी, म्हणून तिच्याऐवजीं १९३२ च्या फोर्डची दणकट चौकट घेण्याची चाल पडली. पुढच्या आंसाचीं टोकें तापवून ताणलीं म्हणजे गाडीचें नाक दोन-तीन इंच खालीं येई, व वळणावर तिचा तोल राही.

त्यावर एंजिन चढवावयाचें. तें जेथें बसावयाचें तेथें मुळांत चार सिलिंडरांचीच जागा. तेव्हां आडव्या पट्ट्या कापून नव्यानें सांधाव्या लागत. एका कार्बुरेटरच्या जागीं दोन बसवीत. या एंजिनाला एक खोड होती. जळलेला वायु बाहेर पडण्याची वाट ठोकळ्याच्या पोटांतून, सिलिंडरांच्या मधून काढलेली असल्यानें पाणी लवकर उकळे. म्हणून त्या वाटा घांसून मोकळ्या करण्यांत रात्रीच्या रात्री जात. गति वाढली तसा थांबण्याचा प्रश्न पुढें आला. फोर्डच्या जुन्या गाड्यांचे ब्रेक सळ्यांनीं ओढले जात. तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक तिला १९३९ मध्यें आले. त्या सालच्या एखाद्या मोडक्या फोर्डचे ब्रेक आणि गिअरपेटी हाताशीं लागली, कीं तीं दहा वर्षें जुन्या गाडीवर चढत. त्या पेटींत पुन्हां लिंकन-झेफिर या महागड्या गाडीचीं दांतेरी चक्रें बसतात, हा शोध कोणीतरी लावला आणि तो तोंडोतोंडीं सर्वत्र झाला. कोणत्या गाडीचा कोणता भाग कोणत्या गाडीला लागतो, हें ज्ञानच या तरुणांचें खरें भांडवल होतें. तें कोणत्याहि शाळेंत शिकवीत नव्हते; वखारवाल्यांनाहि तें पुरतेंपणीं ठाऊक नसे.

गाडी तयार झाली म्हणजे ती पळवून पाहावयास जागा हवी. लॉस एंजेलिसच्या पलीकडे मोहावे वाळवंटांत मुरॉक, एल मिराज अशीं आटलेलीं तळीं आहेत. त्यांचा तळ मैलोगणती सपाट व कठीण असतो. आरंभींच्या काळांत तेथें अनेक गाड्या एकाच रांगेंत उभ्या करून एकदम सोडीत. पुढच्या गाडीची धूळ उडाली कीं मागच्यांना हातभर अंतरावरचें दिसेनासें होई, आणि त्या धुळींत माणसें दगावत. अखेर १९३७ मध्यें निरनिराळ्या मंडळांनीं एकत्र येऊन ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ ही संस्था स्थापिली, आणि १५ मे १९३८ रोजीं मुरॉक येथें तिची पहिली स्पर्धा झाली. गाड्यांचे वर्ग पाडावयाचे, त्या तपासावयाच्या, आणि ठराविक अंतर कापण्यास लागलेला वेळ मोजावयाचा, ही शिस्त आली. शेजारच्याला मागें टाकण्यापेक्षां घड्याळाला हरविणें महत्त्वाचें ठरलें, आणि रांगेनें धांवण्याची जुनी रीत हळूहळू मागें पडली.

मग महायुद्ध आलें. फेब्रुवारी १९४२ मध्यें अमेरिकेंत खाजगी मोटारींचें उत्पादन थांबलें. लोखंडाच्या भुकेपायीं असंख्य जुन्या गाड्या भट्टींत गेल्या. मुरॉकवर लष्कराचा विमानतळ झाला. १४ ऑक्टोबर १९४७ रोजीं चक यीगरनें ध्वनीच्या गतीला मागें टाकलें तें याच तळ्यावरच्या आकाशांत. तरुण सैन्यांत गेले तरी विद्या विसरली गेली नाहीं. स्वतः या तळ्यांवर गाडी धांवडविणाऱ्या व्हीडा ऑर या बाईनें या मंडळांचें वार्तापत्र चालू ठेवून तें दूरदूरच्या रणभूमीवरील सभासदांना पाठविलें.

युद्धानें मोडीचा एक नवाच प्रकार आणला. लांब पल्ल्याच्या लढाऊ विमानांना पोटाखालीं पेट्रोलची जादा टांकी बांधीत. ती रिकामी झाली कीं वरूनच टाकून देत. बिल बर्क या तरुणानें पॅसिफिकच्या युद्धभूमीवर त्या टांक्या पाहिल्या होत्या. पाण्याच्या थेंबासारखा त्यांचा घाट वाऱ्याला सहज कापतो, हें त्याच्या ध्यानांत राहिलें. परत आल्यावर १९४६ मध्यें त्यानें १६५ गॅलनांची अशी एक टांकी घेऊन तिला चाकें लावलीं. ती अपुरी पडली म्हणून पुढें ३१५ गॅलनांची घेतली. तींत चालक आंत बसे व एंजिन त्याच्या पाठीशीं असे. याच धर्तीवर ॲलेक्स झिडियासच्या दुकानांत घडलेली टांकी-गाडी १९५२ मध्यें ताशीं १९८ मैलांवर गेली.

शहरांत मात्र या गाड्यांचें नांव खराब झालें होतें. युद्धानंतर भर रस्त्यांत शर्यती लागूं लागल्या, अपघात झाले, आणि वृत्तपत्रांनीं ‘हॉट रॉड’ हा शब्द शिवीसारखा वापरला. ही ओरड सर्वस्वीं खोटी होती असें म्हणतां येणार नाहीं. तथापि रात्रीं रस्त्यावर उनाडणारा आणि रविवारीं वाळवंटांत घड्याळापुढें उभा राहणारा, हे दोघे एकच, असें मानण्यांत अन्याय होता. तो दूर करण्यासाठीं जानेवारी १९४८ मध्यें लॉस एंजेलिस येथें या गाड्यांचें प्रदर्शन भरलें, आणि तेथेंच रॉबर्ट पीटरसन व रॉबर्ट लिंडसे यांनीं काढलेल्या ‘हॉट रॉड’ मासिकाचा पहिला अंक पंचवीस सेंटांना विकला गेला. १९४९ मध्यें बॉनव्हिलच्या मिठागरी मैदानावर वेगाचा सप्ताह सुरू झाला. १९५१ मध्यें वॉली पार्क्स यांनीं ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापून रस्त्यावरच्या शर्यतींना बंदिस्त धांवपट्टीकडे वळविलें.

त्या मासिकाच्या जून १९४८ च्या मुखपृष्ठावर एड इस्केंडेरियन या तरुणाची गाडी होती. तिचें अंग ‘टी’ फोर्डचें, चौकट एसेक्स गाडीची, एंजिन ‘व्ही’ आकाराचें, आणि तोंडावरची जाळी १९३४ च्या पाँटियाकच्या दोन जाळ्या कापून जोडलेली. ही गाडी १९४२ मध्यें एल मिराजवर ताशीं १२० मैलांनीं धांवली होती. युद्धावरून परतल्यावर त्याला नवा कॅमशाफ्ट हवा होता. एंजिनाच्या झडपा केव्हां व किती वेळ उघड्या राहाव्या हें ठरवितो तो हा दांडा. त्याचे उंचवटे घांसून देणारे कारागीर थोडे, आणि त्यांच्या दारीं महिनोगणती खोळंबा. इस्केंडेरियननें एक जुनें घांसणयंत्र घेतलें, त्यांत फेरफार केले आणि स्वतःच दांडे घांसूं लागला. शेजारीपाजारी मागूं लागले. त्याचा कारखाना झाला. व्हिक एडलब्रॉकनेंहि आपल्या गाडीसाठीं बनविलेली दुहेरी कार्बुरेटरची नळी अशीच इतरांना विकावयास काढली होती.

येथून या विद्येचें वळण बदललें. जें हातानें घडवावें लागे तें टपालानें खोक्यांत मिळूं लागलें. गाड्या अधिक वेगवान व अधिक भरंवशाच्या झाल्या, यांत शंका नाहीं. पण झेफिरचें चक्र फोर्डच्या पेटींत बसतें हें शोधून काढणारा डोळा त्या खोक्यांतून येत नव्हता. पुढें कांचतंतूंचीं अंगें निघालीं, आणि १९३२ च्या फोर्डचें पोलादी अंगहि नव्यानें दाबून तयार होऊं लागलें. वखारींत फुकटासारखें मिळणारें मूळ अंग आतां हौशी धनिकांच्या तिजोरीची वस्तु झालें आहे. १९९७ मध्यें पेबल बीच येथील हिरवळीवर, जेथें राजेरजवाड्यांना शोभतील अशा जुन्या मोटारींची निवड होते, तेथें हॉट रॉडांसाठीं प्रथमच स्वतंत्र वर्ग ठेवण्यांत आला. पहिला मान मिळाला तो डोन स्पेन्सर यानें घडविलेल्या १९३२ च्या फोर्डला.