नैरोबीतला नाताळ

नैरोबीत नारळ होत नाही. सुमारे 1,800 मीटर उंचीवरचं हे थंड हवेचं शहर. नारळ येतो मोंबासाच्या किनाऱ्यावरून. नारळाच्या दुधाशिवाय नाताळच्या फराळातला दोदोल कसला? म्हणून इथल्या गोंयकारांचा नाताळ आगगाडीने घडवला, असं मला वाटतं.

मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा लोहमार्ग 1896 ते 1901 या काळात टाकला गेला. त्यावरचा तळ म्हणून 1899 मध्ये नैरोबी वसलं. मागोमाग गोव्याची माणसं मुंबईहून बोटीने आली. कुणी कारकून, कुणी शिंपी, कुणी आचारी.

आम्ही वसईचे, नोकरीमुळे इथे आलेलो. पहिल्या डिसेंबरात फराळाचं कसं होणार, या काळजीत माझी बायको होती. शेजारच्या गोवेकर आंटी पोळपाट घेऊनच आल्या. नेवऱ्या, कुलकुल, सगळं दोघींनी मिळून केलं. झाड म्हणून सायप्रसची फांदी आणली. इथे बहुतेक घरांत तीच असते. गोठा मुलांनी मांडला.

आंटींचे वडील रेल्वेत कारकून. कारकुनांचं गोवन इन्स्टिट्यूट 1905 चं. शिंप्यांना तिथे जागा नव्हती. त्यांनी सेंट फ्रान्सिस झेवियरच्या नावाने आपली वेगळी सोसायटी काढली. नाताळचा नाच ज्याचा त्याच्या क्लबात. "पपांचा नाचाचा सूट शिंप्याने शिवलेला असायचा, पण त्या शिंप्याला आमच्या हॉलात यायची सोय नव्हती," आंटी म्हणाल्या. मध्यरात्रीच्या मिस्सेला मात्र दोघेही एकाच वेदीसमोर गुडघे टेकत. परक्या मुलखात, वर गोऱ्यांचं राज्य असताना, आपल्याच माणसांनी आपल्यात अशी भिंत उभारावी याचं मला फार वाईट वाटतं.

1963 मध्ये केनिया स्वतंत्र झाला. नागरिकत्व घ्यायला दोन वर्षांची मुदत होती. पुष्कळांनी ते घेतलं नाही. 1967 च्या कायद्यांनी परदेशी नागरिकांच्या नोकरी-धंद्यावर बंधनं आली आणि घरंच्या घरं इंग्लंड-कॅनडाला गेली. आंटींची भावंडंही गेली.

गोव्यात, वसईत, मुंबईत ज्यांच्या घरी आफ्रिकेहून आलेली पत्रं किंवा नाताळचे फोटो असतील, त्यांनी ते टाकून देऊ नयेत. फोटोत कोण कोण आहे ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून मागे लिहून ठेवावं. शिंप्यांच्या आणि आचाऱ्यांच्या घरांनी तर आधी.