फॉर्मवरची एक सही

आज एका कबुलीने सुरुवात करतो. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मी एका युवा संघटनेचा सभासद झालो होतो. का? तर मित्राने कॅन्टीनमध्ये फॉर्म पुढे सरकवला, वर वडापावही त्यानेच खिलवला. विचारधारा वगैरे वाचायच्या भानगडीत कोण पडतंय!

आता समजा, त्या संघटनेवर बंदी आली असती, तर नुसत्या त्या सहीमुळे मी गुन्हेगार ठरलो असतो का?

या प्रश्नासाठी आपल्याला १९०८ सालात जावं लागेल. बंगालमध्ये तरुणांच्या समित्या होत्या. लाठीकाठी, व्यायाम, वाचन, आणि काहींच्या आत गुप्त क्रांतिकार्य. ३० एप्रिलला मुझफ्फरपूरला बॉम्ब पडला, दोन इंग्रज स्त्रिया गेल्या. खुदीराम बोस फाशी गेला, तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचा होता. या बॉम्बवर 'केसरी'त लिहिलं म्हणून टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, ते मंडालेला गेले.

त्याच डिसेंबरमध्ये सरकारने नवा कायदा आणला. संघटना बेकायदा आहे असं सरकारने जाहीर करायचं, की तिचा सभासद असणं हाच गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९०९ मध्ये, ढाक्याच्या अनुशीलन समितीवर बंदी आली. बॉम्ब बनवणारा आणि आखाड्यात फक्त जोर मारणारा, कायद्यापुढे दोघेही सभासदच!

इंग्रज गेले, कायदा राहिला. १९५२ मध्ये मद्रास सरकार विरुद्ध व्ही. जी. राव या खटल्यात सुप्रीम कोर्टाने त्याची मद्रासमध्ये सुधारलेली कलमं रद्द केली. मुद्दा साधा होता: सरकार बंदी घालतंय, पण ती योग्य आहे की नाही हे कोर्टात तपासायची सोयच नाही. म्हणून १९६७ च्या यूएपीए कायद्यात न्यायाधिकरण आलं. बंदीनंतर तीस दिवसांत प्रकरण हायकोर्टाच्या न्यायाधीशापुढे ठेवायचं.

२००१ च्या सप्टेंबरमध्ये 'सिमी' या विद्यार्थी संघटनेवर बंदी आली. १९७७ साली अलिगढला सुरू झालेली ही संघटना. तिच्यावरचे आरोप किरकोळ नाहीत, दहशतवादाचे आहेत. २००८ मध्ये एका न्यायाधिकरणाने बंदी उठवली, पण दुसऱ्याच दिवशी सुप्रीम कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली. बंदी आजही आहे.

पण मला सांगायचंय ते सुरतबद्दल. डिसेंबर २००१. एका हॉलमध्ये शिक्षणावरच्या परिषदेसाठी लोक जमलेले. पोलिसांचं म्हणणं, हे सिमीचे सभासद आहेत. १२७ जणांवर खटला चालला. निकाल लागला मार्च २०२१ मध्ये! हे लोक सिमीचे होते असं दाखवणारा विश्वासार्ह पुरावाच नाही, असं कोर्ट म्हणालं. सगळे सुटले. तोवर पाच जण वारले होते. विशीत पकडलेला मुलगा चाळिशीत निर्दोष ठरला. मधली वीस वर्षं कोण परत देणार?

मग नुसतं सभासद असणं गुन्हा आहे का? २०११ मध्ये आसाममधल्या एका खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं, नाही. हिंसा केली किंवा हिंसेला चिथावणी दिली तरच. मार्च २०२३ मध्ये त्याच कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी ते मत फिरवलं. बंदी घातलेल्या संघटनेचं सभासद राहणं हाच गुन्हा. शिक्षा दोन वर्षांपर्यंत.

या निकालामागे तर्क आहे, हे मी मान्य करतो. बंदी जाहीर झाल्यावरही जो राहतो, तो जाणूनबुजून राहतो. पण सुरतमध्ये प्रश्न तिथे नव्हताच. तिथे आधी सभासद कोण, हेच सिद्ध झालं नाही. हिंसा दिसते, जखम दिसते. सभासदत्व कशावरून ठरवायचं? एका पत्रकावरून? मोबाईलमधल्या ग्रुपवरून?

आता तुमच्या फोनमध्ये बघा. किती ग्रुपमध्ये आहात, आणि त्यातल्या कितींमध्ये तुम्हाला कुणीतरी न विचारता ॲड केलंय? मी काल रात्री मोजले. माझे अकरा निघाले.