उसात बिबट्याचं पिल्लू दिसलं, तर फोटो काढायला थांबायचं का?

नाणेघाटातला सूर्यास्त, पिंपळगाव जोगे धरणावरचे पक्षी, भीमाशंकरच्या जंगलातला शेकरू. कॅमेरा घेऊन जुन्नर-आंबेगावात येणाऱ्यांची यादी साधारण अशी असते. बिबट्या या यादीत नसतो. तो भेटतो परतीच्या वाटेवर, आणि बहुतेक वेळा जंगलात नाही तर उसाच्या कडेला.

बिबट्या उसात का राहतो?

कुकडी प्रकल्पाच्या धरणांमुळे या तालुक्यांत बारमाही पाणी आलं आणि ऊस वाढला. आडसाली ऊस दीड वर्षापर्यंत शेतात उभा असतो. आत दाट सावली, जवळ पाणी आणि रात्री वस्तीवरची कुत्री, शेळ्या, कोंबड्या. मादीला पिल्लं घालायला याहून सोयीची जागा कुठली? आज इथले अनेक बिबटे उसातच जन्मलेले आहेत. ते ‘जंगलातून भरकटून आले’ असं म्हणणं म्हणूनच चुकीचं ठरतं.

पिल्लू एकटं का सापडतं?

दिवाळीच्या सुमारास ऊसतोड सुरू होते. फड कमी होत जातो आणि शेवटच्या पट्ट्यात कधी दोन, कधी तीन पिल्लं दिसतात. आई दिवसा माणसांच्या आवाजाने लांब गेलेली असते, पण बहुतेकदा जवळपासच असते. ‘आईने सोडून दिलं’ हा समज इथेच होतो. मग मोबाईल निघतात, पिल्लू मांडीवर घेतलं जातं, दहा मिनिटांत अर्धं गाव जमतं.

खरी अडचण पुढे आहे. गर्दी हटली नाही तर आई येऊ शकत नाही. पिल्लं न मिळालेली मादी त्याच परिसरात फिरत राहते, आणि दुसऱ्या दिवशी तिथेच कोयता चालवायला ऊसतोड मजूर येतात. फोटो काढणारा तोवर पुण्यात पोहोचलेला असतो.

वन विभाग काय करतो?

पिल्लं ताब्यात घेऊन त्यांची तपासणी होते. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र आहे. तिथे वन विभागासोबत वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था काम करते. संध्याकाळी पिल्लं जिथे सापडली नेमक्या त्याच जागी खोक्यात किंवा प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवतात, आजूबाजूला कॅमेरे लावतात आणि माणसं लांब जातात. अंधार पडल्यावर आई येते, खोका पाडते आणि पिल्लू तोंडात धरून निघून जाते. अशा अनेक भेटी या भागात घडवल्या गेल्या आहेत.

जागा तीच का? कारण बिबट्यांना उचलून दुसरीकडे सोडण्याचा प्रयोग इथे महागात पडला होता. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार, जुन्नर भागात आधी माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत. 2001 मध्ये स्थलांतर सुरू झाल्यावर हा आकडा 17 पर्यंत गेला.

मोठा बिबट्या समोर आला तर?

पळू नका, पाठ फिरवू नका. उभं राहून मोठ्याने बोलत हळूहळू मागे सरका. छायाचित्रकारांची एक सवय इथे विशेष धोक्याची आहे: चांगल्या अँगलसाठी खाली बसणं. बसलेला किंवा वाकलेला माणूस बिबट्याला लहान भक्ष्यासारखा वाटू शकतो. म्हणूनच लहान मुलं आणि वाकून काम करणारे शेतमजूर हल्ल्यात जास्त सापडतात. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत परिसरात माणसांचे बळी गेले. त्यानंतर लोक पुणे-नाशिक महामार्गावर उतरले होते. या गावांत ‘क्यूट’ म्हणून रील टाकताना एवढं तरी आठवावं.

पिल्लू दिसलं तर हात लावू नका आणि 1926 या वन विभागाच्या हेल्पलाइनवर कळवा. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आहे. पिल्लू उचलून नेणं हा गुन्हा आहे. फोटो काढलाच असेल तर लोकेशन टाकू नका. आणि हो, उसातलं प्रत्येक ठिपकेदार पिल्लू बिबट्याचंच असतं असंही नाही. ते वाघाटीचं, म्हणजे एका चिमुकल्या रानमांजराचंही असू शकतं. तेही तिथेच राहू द्यावं, त्याचीही आई रात्री येते.