शकुंतला कोणाची होती? वऱ्हाडातील एका बंद रेल्वेमार्गाचा इतिहास (थ्रेड)

१/
यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर. १८९ किलोमीटरांचा हा नॅरोगेज मार्ग वऱ्हाडात ‘शकुंतला’ या नावाने ओळखला जातो. आज त्यावर गाडी धावत नाही. तिच्याविषयी एक वाक्य मात्र सर्वत्र ऐकू येते: ‘ही रेल्वे अजूनही इंग्रजांच्या मालकीची आहे.’ या वाक्यात तथ्य किती, गाडी बंद का पडली आणि ती पुन्हा सुरू करायची म्हणजे नेमके काय करायचे, याचा हा मागोवा.

२/
सुरुवात कापसापासून करावी लागते. १८५३ च्या तहानुसार निजामाने वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवला. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकी कापूस तुटला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला जागतिक बाजारात एकाएकी मोल आले. त्याच दशकात जीआयपी रेल्वेचा लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला.

३/
परंतु मुख्य मार्ग शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा प्रांताच्या मधोमध गेला. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याचे अचलपूर आणि दक्षिणेला यवतमाळ ही दोन्ही ठिकाणे दूर राहिली. अचलपूर म्हणजे इमादशाहीची जुनी राजधानी. यवतमाळ म्हणजे कापसाची उगवती पेठ. तेथील माल बंड्यांवर लादून स्थानकापर्यंत आणावा लागे. पावसाळ्यात काळ्या मातीत बंडीचे चाक रुतले की बाजार थांबे.

४/
ही उणीव भरून काढण्यासाठी शाखामार्ग हवे होते. पण त्यावर सरकारी खजिन्यातून खर्च करण्याची सरकारची तयारी बेताची होती. त्यामुळे खासगी भांडवलाला सवलती देण्याचे धोरण आले. कंपनीने पैसा उभा करून मार्ग बांधायचा, शेजारच्या मोठ्या रेल्वेने तो चालवायचा आणि उत्पन्न ठरलेल्या प्रमाणात वाटून घ्यायचे. मालक एक आणि चालक दुसरा, ही व्यवस्था येथूनच रुजली.

५/
मुंबईत १८५७ मध्ये स्थापन झालेली किलिक, निक्सन अँड कंपनी अशा व्यवहारांत मुरलेली होती. सुरतेहून खानदेशात येणारी ताप्ती व्हॅली रेल्वे तिच्याच व्यवस्थापनाखाली होती. वऱ्हाडसाठी तिने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली. मूर्तिजापूर–अचलपूर (७६ किमी), मूर्तिजापूर–यवतमाळ (११३ किमी) आणि वर्धा जिल्ह्यातील पुलगाव–आर्वी (३५ किमी) हे तिचे मार्ग पहिल्या महायुद्धाच्या काळापर्यंत सुरू झाले. चालवण्याची जबाबदारी जीआयपीची.

६/
रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. अरुंद रुळांना जमीन कमी लागते, पूल हलके चालतात, वळणे तीव्र घेता येतात. थोडक्यात, भांडवल कमी लागते. याची किंमत मूर्तिजापुरात मोजावी लागे. नॅरोगेजचा डबा ब्रॉडगेजवर जाऊ शकत नाही, त्यामुळे रुईची प्रत्येक गाठ एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भरावी लागे. बंडीच्या जमान्यात ही अडचण किरकोळ वाटली.

७/
हीच अडचण पुढे जीवघेणी ठरली. ट्रक आल्यावर गाठ जिनिंग-प्रेसिंगच्या दारात भरून थेट गिरणीत उतरवता येऊ लागली. कापूस रुळांवरून रस्त्यावर गेला. ज्या मालासाठी हा मार्ग जन्माला आला, त्या मालानेच त्याची साथ सोडली. मागे उरले ते प्रवासी: बाजाराला निघालेले शेतकरी, शेतमजूर, विद्यार्थी. एसटीच्या मानाने गाडीचे भाडे कितीतरी कमी होते आणि त्यांच्या दृष्टीने हाच तिचा सर्वांत मोठा गुण होता.

८/
शकुंतलेच्या ज्या आठवणी लोक सांगतात, त्या बहुतेक याच उत्तरकाळातल्या आहेत. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन ओढत असे. त्यानंतर डिझेल आले. गाडी ताशी वीसेक किलोमीटरच्या आसपास चाले. अनेक फाटकांवर नेमलेला माणूस नसे. गाडी थांबे, तिच्यावरचाच कर्मचारी उतरून फाटक लावी, गाडी पलीकडे गेली की ते उघडून पुन्हा डब्यात चढे. स्थानकांवरची तिकीटविक्रीही पुढे गाडीबरोबरचे कर्मचारीच करू लागले.

९/
या आठवणींत गोडवा आहे आणि तो खराही आहे. मात्र इतिहासाच्या दृष्टीने पाहिल्यास त्या एका दीर्घ उपासमारीच्या खुणा आहेत. फाटकावर माणूस नाही, कारण त्याच्या पगाराची तरतूद नाही. वेग वाढत नाही, कारण रूळ जुने आहेत. रूळ बदलत नाहीत, कारण ते बदलण्यात कोणाचेच हित नाही. आणि येथेच मालकीचा प्रश्न येतो.

१०/
आता त्या प्रसिद्ध वाक्याकडे वळू. १९५१ मध्ये जीआयपीचा समावेश मध्य रेल्वेत झाला आणि शकुंतला चालवण्याची जबाबदारी तिच्याकडे आली. मार्गाची मालकी मात्र कंपनीकडेच राहिली. म्हणजे ‘सरकारी नव्हे’ हा भाग खरा. ‘इंग्रजांची’ हा भाग मात्र जुना झाला आहे: किलिक-निक्सन ही मुंबईची व्यापारी पेढी स्वातंत्र्यानंतर भारतीय हातांत आली. लंडनमध्ये बसून कोणी वऱ्हाडचे तिकीट कापत होते, हे चित्र रंजक आहे, वास्तव नाही.

११/
वास्तव त्याहून रुक्ष आहे. मुंबईतील पागडीच्या जुन्या चाळी आठवाव्यात. भाडेकरू मोठी दुरुस्ती करत नाही, कारण इमारत त्याची नाही. मालक करत नाही, कारण भाड्यातून ती परवडत नाही. इमारत मात्र दोघांच्या डोळ्यांदेखत खचत जाते. शकुंतलेची अवस्था अशीच झाली. मध्य रेल्वेने परक्या मालमत्तेत भांडवल का गुंतवावे? आणि कंपनीने उत्पन्न आटलेल्या मार्गावर पैसा का ओतावा?

१२/
करारानुसार ठरावीक वर्षांनी हा मार्ग विकत घेण्याची मुभा सरकारला होती. ती संधी येत राहिली आणि जात राहिली. तोट्यातला मार्ग घेऊन करायचे काय, असा हिशेब दर वेळी मांडता येण्यासारखा होता. आणि जितका उशीर झाला, तितका तो हिशेब अधिक पटणारा होत गेला. खरेदी टाळल्यामुळे मार्ग खालावला आणि खालावल्यामुळे खरेदी टळत राहिली.

१३/
मालकी बदलली असती तर काय घडले असते, याचा अंदाज बांधायला महाराष्ट्रातच एक उदाहरण आहे: बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्याने उभारलेल्या या मार्गाचा पहिला टप्पा १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी असा सुरू झाला. १९०६ मध्ये तो पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचला. रुळांची रुंदी तीच, अडीच फूट. मालक तशीच एक खासगी कंपनी.

१४/
फरक एवढाच, की १९५४ मध्ये सरकारने बार्शी लाइट विकत घेतली. तिचेही दिवस लगेच पालटले नाहीत. आणखी अर्धे शतक ती नॅरोगेजच राहिली. परंतु १९९२ पासून भारतीय रेल्वेने सर्व मार्ग एकाच रुंदीचे करण्याचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा ती निर्विवादपणे रेल्वेची स्वतःची होती. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात कुर्डुवाडी–पंढरपूर, लातूर आणि मिरज हे टप्पे एकेक करून ब्रॉडगेज झाले. पंढरीच्या वारकऱ्यांची वर्दळही तिच्या पाठीशी होती, हे विसरता येणार नाही.

१५/
त्या रूपांतराचे मोल एप्रिल २०१६ मध्ये कळले. लातूर शहर तहानेने व्याकूळ असताना मिरजेहून कृष्णेचे पाणी घेऊन रेल्वे निघाली आणि सुमारे ३४० किलोमीटर चालून लातूरला पोहोचली. पहिल्या खेपेत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले. ही गाडी आली ती पंढरपूर–कुर्डुवाडी वाटेने, कॅल्थ्रॉपच्या जुन्या मार्गाच्या ब्रॉडगेज वारसावरून. नॅरोगेज बंद करून तो विषय तेथेच संपवला असता, तर या वाटेने ते पाणी आले नसते.

१६/
याच उदाहरणात एक सावधगिरीची सूचनाही आहे. पुनरुज्जीवन म्हणजे जुनी गाडी जशीच्या तशी परत येणे नव्हे. लातूरच्या बाजूचा नवा मार्ग उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, जोडण्यासाठी वळवला गेला. जुन्या गाडीला हे जिल्ह्याचे ठिकाण लागत नव्हते. मार्ग जगतो, तेव्हा तो बदलतो. काही गावांना मिळते, काही गावांचे जाते.

१७/
शकुंतलेच्या वाट्याला १९५४ आलेच नाही. २०१६ मध्ये तत्कालीन रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांच्या काळात तिच्या ब्रॉडगेज रूपांतराची घोषणा झाली. सुमारे १५०० कोटी रुपयांचा आकडा पुढे आला. प्रत्यक्षात २०२० च्या सुमारास दोन्ही शाखा शांत झाल्या होत्या. पुलगाव–आर्वी त्याआधीच थांबली होती. तेव्हापासून वऱ्हाडात निवेदने, आंदोलने आणि आश्वासने सुरू आहेत.

१८/
दरम्यान यवतमाळला रेल्वे दुसऱ्या वाटेने येत आहे. २८४ किलोमीटरांच्या नव्या वर्धा–यवतमाळ–नांदेड ब्रॉडगेज प्रकल्पातील वर्धा–कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. हा मार्ग पुढे दारव्ह्यातूनही जाणार आहे. यवतमाळसाठी ही मोठी गोष्ट आहे. परंतु त्यामुळे शकुंतलेचा प्रश्न सुटत नाही. तो अधिक नेमका होतो.

१९/
कारण नव्या मार्गाच्या नकाशात कारंजा नाही, दर्यापूर नाही, अंजनगाव नाही, अचलपूर नाही. कारंजा (लाड) हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान, दत्तसंप्रदायाचे मोठे तीर्थ. अचलपूर–परतवाडा हे मेळघाटचे प्रवेशद्वार. डोंगरातल्या माणसाला दवाखाना, बाजार, महाविद्यालय यांसाठी येथेच उतरावे लागते. ‘शकुंतला परत हवी’ या मागणीचे आजचे वजन या गावांत आहे.

२०/
म्हणून ‘इंग्रजांची रेल्वे’ ही दंतकथा निरुपद्रवी नाही. तिच्यामुळे सगळा दोष शंभर वर्षांपूर्वीच्या परक्यांवर जातो आणि स्वातंत्र्यानंतरची सात दशके चर्चेतून निसटतात. १९१६ चा करार इंग्रजी राजवटीत झाला. पण खरेदीची संधी आली तेव्हा ती पुढे ढकलण्याचा निर्णय दर वेळी स्वतंत्र भारतातल्या कार्यालयांत झाला.

२१/
आता प्रश्न तीन आहेत आणि ते याच क्रमाने सुटायला हवेत. मार्गाखालच्या जमिनीची मालकी निःसंदिग्धपणे रेल्वेकडे यावी. त्याविना घोषणा कागदावरच राहील. जुनी वाट अतिक्रमणांनी तुटण्याआधी राखली जावी, कारण नव्याने भूसंपादन करणे सर्वांत महाग पडते. आणि मार्ग ठरवताना आधी विचारावे, की तो कोणासाठी आहे? १९१६ मध्ये याचे उत्तर ‘कापसाच्या गाठीसाठी’ असे होते. या वेळी ते अचलपूरच्या आणि कारंजाच्या प्रवाशाने द्यायचे आहे.

(समाप्त)