न्हावी, मंगली आणि परिकमाखेर

भिलाईच्या सेक्टरांतल्या बाजारात हल्ली पंचविशीतली मुलं खुर्चीत बसतात आणि 'विंटेज कट' मागतात. कारागीर जुना असेल तर तो मशीन बाजूला ठेवतो. कंगव्यानं केस उचलायचे, वरून कात्री चालवायची. कानाजवळ बारीक, वर जाताना लांब. मानेकडे उतार, डावीकडे सरळ भांग. मग कानामागं वस्तऱ्याची रेघ आणि शेवटी तुरटीचा खडा. ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू केली, तेव्हा या कटाला वेगळं नाव असायचं काही कारण नव्हतं. केस वाढले की कापायचे, ते असेच. 'विंटेज'चं मूळ लॅटिनमधल्या द्राक्षतोडणीत आहे. हंगामावरून तो शब्द त्या हंगामाच्या वाइनला लागला, पुढे जुन्या मोटारीला आणि आता डोक्याला. नाशिककरांनी नोंद घ्यावी.

शब्दांच्या शोधात असलेल्या माणसाला भिलाईसारखं गाव मिळणं भाग्याचं. २ फेब्रुवारी १९५५ला सोव्हिएत संघाशी करार झाला आणि इथं पोलाद कारखाना उभा राहू लागला. देशभरातून माणसं आली. विदर्भातून मराठी आले, किनाऱ्यावरून तेलुगू, शेजारून ओडिया. बंगाली, तमिळ आणि मल्याळीही आले. प्रत्येकानं केस कापणाऱ्या माणसासाठी आपापला शब्द बरोबर आणला. इथला छत्तीसगढी 'नाऊ' तर आधीपासून होताच.

आधी आपला न्हावी. हा शब्द संस्कृत 'नापित'वरून आला, असं शाळेत सांगतात. पण मग 'न्ह'मधला हकार कुठून आला? 'नापित'मध्ये तर तो नाही. पालीत या माणसाला 'नहापित' म्हणतात. विनयाचा, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांचा, जाणकार म्हणून ज्याचं नाव बौद्ध परंपरेत आदरानं घेतात, तो बुद्धशिष्य उपाली मूळचा शाक्यांचा नहापितच. या शब्दाच्या पोटात 'स्ना' धातू आहे, म्हणजे अंघोळ घालणारा. 'न्हाणं', 'न्हाणीघर', 'न्हाऊ घालणं' ही सगळी याचीच भावंडं. संस्कृतातला 'नापित' हा प्राकृतातून परत उचललेला आणि त्या प्रवासात हकार गमावलेला शब्द मानतात. म्हणजे ज्याला आपण गावठी समजतो तो 'न्हावी' मुळाशी जास्त प्रामाणिक आहे, आणि भारदस्त वाटणारा 'नापित' झिजलेला. हिंदीतल्या 'नाई'चाही हकार गेला, छत्तीसगढीतल्या 'नाऊ'चाही. मराठीनं तो जपला.

अंघोळ, तेल, अंग रगडणं ही या माणसाची मूळ कामं. केस त्यातलं एक. 'चंपी'ही तशीच. हिंदीत 'चाँपना' म्हणजे दाबणं, आणि आपलं 'चेपणं' त्याच घरातलं. पाटण्याच्या शेख दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडातल्या ब्रायटनला मालिशीचं स्नानगृह थाटलं आणि हा शब्द तिथं रुजवला. इंग्रजीत त्याचा अर्थ चेपण्यावरून फेसाकडे सरकला आणि तो 'शाम्पू' होऊन घरी परतला.

भिलाईतला तेलुगू माणूस न्हाव्याला 'मंगली' म्हणतो. हा शब्द 'मंगल'शी जोडतात. मराठी माणसाला याचं नवल वाटायचं कारण नाही, कारण आपल्याकडे 'भादरणं' आहे. 'काय भादरलंय रे तुला!' यात कौतुकाचा लवलेश नसतो. मेंढी भादरतात, नाठाळ पोराला भादरतात. पण या क्रियापदाचं मूळ 'भद्राकरण', आणि भद्र म्हणजे शुभ. पाणिनीनं 'मुंडन' या अर्थी 'मद्र' शब्दासाठी एक खास सूत्र केलं; नंतरच्या व्याकरणकारांना त्यात 'भद्र'ची भर घालावी लागली. मद्र आणि भद्र, दोन्हींचा अर्थ मंगल. केस काढणं म्हणजे माणसाला शुभ करणं, असा मूळचा भाव. तेलुगूनं तो माणसाच्या नावात ठेवला, मराठीनं क्रियापदात, आणि मग ते क्रियापद मेंढीच्या स्वाधीन केलं. मला विचाराल तर या धंद्यातला सर्वांत वाया गेलेला मराठी शब्द हाच.

'वपन'चं नशीब याहून कडू. या संस्कृत धातूचा अर्थ पेरणंही होतो आणि भादरणंही; बीजवपन आणि केशवपन हे दोन्ही शब्द आपल्याकडे आहेत. पण मराठीत केशवपन म्हटलं की विधवेचंच डोळ्यांपुढे येतं. १८९०मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनी हे काम करायचं नाही असं ठरवलं. तो शब्द आज फक्त इतिहासाच्या पुस्तकात भेटतो, त्याचं थोडं श्रेय त्या वस्तरा खाली ठेवणाऱ्यांनाही द्यायला हवं.

आता रक्ताकडे. 'हजामत' अरबी. तिथं 'हिजामा' म्हणजे तुंबडी लावून दूषित रक्त काढणं आणि 'हज्जाम' म्हणजे ते काढणारा. फारसी-उर्दूतून आपल्याकडे येईपर्यंत रक्त गळालं आणि दाढी उरली. 'बिनपाण्यानं हजामत' हा आपला लाडका वाक्प्रचार. मूळ अर्थ धरला तर हजामतीचा पाण्याशी संबंधच नव्हता. तमिळ 'अंबट्टन' घ्या. त्याचा संबंध संस्कृत 'अंबष्ठ'शी, म्हणजे वैद्याशी लावतात, आणि तमिळनाडूत हा समाज स्वतःला 'मरुत्तुवर' म्हणजे वैद्यच म्हणवतो. लंडनमध्येही १५४० ते १७४५ न्हावी आणि शल्यवैद्य एकाच संघात होते. जखम, गळू, वस्तरा हे सगळं एकाच हातातलं काम होतं.

वस्तरा फारसी 'उस्तुरा'तून आला. त्याआधी होता 'क्षुर', त्यावरून क्षौर. आपल्या स्वयंपाकघरातली सुरीही त्याच कुळातली. कैची तुर्की आणि कात्री संस्कृत 'कर्तरी'ची. गंमत अशी की कात्रीवरून या माणसाला नाव कुणीच दिलं नाही. अमरकोशात न्हाव्याचे पर्याय आहेत: क्षुरी, मुंडी, दिवाकीर्ती, नापित, अंतावसायी. वस्तरा आहे, मुंडन आहे, कात्री नाही. 'दिवाकीर्ती' म्हणजे ज्याचं नाव दिवसाच घ्यावं असा. हाच शब्द चांडाळालाही लावत. मंगल करणाऱ्याचं नाव रात्री घ्यायचं नाही, हा आपला न्याय.

कात्रीला मान दिला तो फलकानं. 'केशकर्तनालय' हा शब्द मी दुकानाच्या पाटीखेरीज कुठं ऐकलेला नाही. 'केशकर्तनालयात जाऊन येतो' असं म्हणणारा नवरा घरात असेल तर काळजी करावी. लोक 'सलून' म्हणाले. ते फ्रेंच दिवाणखान्याचं नाव. भिलाईच्या हिंदीत तर केस कापतही नाहीत, 'बनवतात'. बाल बनवाने हैं. मराठी 'कटिंग'पेक्षा हे मला जास्त सभ्य वाटतं.

आणि रशियन? कारखाना उभारायला आलेले सोव्हिएत तज्ज्ञ इथंच राहत. त्यांच्या भाषेत न्हावी म्हणजे 'परिकमाखेर'. शब्द जर्मन आहे, अर्थ टोप बनवणारा, डोक्यावर घालायच्या खोट्या केसांचा. म्हणजे या गावात एकाच खुर्चीमागं उभ्या असलेल्या माणसाला एक गिऱ्हाईक अंघोळ घालणारा म्हणत होतं, दुसरं शुभ करणारा, तिसरं वैद्य आणि चौथं टोप विणणारा. तो बिचारा मानेवरचे केस झाडत होता.

एक शब्द मात्र मला सोडवत नाही. आपल्याकडे न्हाव्याला 'वारीक' म्हणतात. संत सेना न्हावी स्वतःला तेच म्हणवतात. ओडियात न्हाव्याला 'बारिक' म्हणतात. मध्ये आहे छत्तीसगढ. सेना महाराज बांधवगडच्या राजाच्या पदरी होते असं परंपरा सांगते, त्यांच्या नावाचं एक पद गुरू ग्रंथ साहिबात आहे, आणि छत्तीसगढचा हा समाज त्यांच्यावरून स्वतःला 'सेन' म्हणवतो; महाराष्ट्रातला म्हणवतो 'नाभिक'. वारीक आणि बारिक यांच्या मधली कडी याच पट्ट्यात कुठंतरी असायला हवी. भिलाई, दुर्ग, राजनांदगाव, रायपूरच्या जुन्या मराठी घरांतून कुणी वडीलधारी मंडळी असतील तर त्यांना एवढं विचारा: तुमच्या गावी न्हाव्याला हाक काय मारत, आणि त्याच्या धोकटीला काय म्हणत? उत्तर मिळेल ते गावाच्या नावासकट लिहून कळवा.